आधी निघा, पैसे मग

हर्गेसाच्या बाजारात रस्त्याच्या कडेला पैसे बदलून देणारे बसतात. प्रत्येकाच्या पुढ्यात सोमालीलँड शिलिंगच्या नोटांची रबर लावलेली बंडलं विटांसारखी रचलेली असतात. एका डॉलरला हजारो शिलिंग मिळतात, त्यामुळे थोडी रक्कम न्यायची तरी पिशवी लागते. तिथे बंदूकधारी पहारेकरी दिसत नाही. नमाजाची वेळ झाली की माणूस ढिगावर कापड टाकतो, मशिदीत जाऊन येतो, आणि पैसे जागच्या जागी असतात.

सोमालियाचं नाव काढलं की आपल्याला समुद्री चाचे आठवतात. मार्च २०२४ मध्ये नौदलाच्या आयएनएस कोलकाता युद्धनौकेने ३५ सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणलं, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी ती बातमी ठळक छापली होती. हर्गेसा त्या चित्रात बसत नाही. १९८८ मध्ये हुकूमशहा सियाद बारे यांच्या हवाई दलाने हे शहर बेचिराख केलं. विमानं याच शहराच्या विमानतळावरून उडत आणि याच शहरावर बॉम्ब टाकून परत तिथेच उतरत. त्या काळातलं एक मिग विमान आज शहराच्या मध्यभागी चौथऱ्यावर स्मारक म्हणून उभं आहे. १८ मे १९९१ रोजी उत्तरेचा हा भाग सोमालीलँड म्हणून सोमालियातून वेगळा झाला. आज सोमालीलँडला स्वतःचं सरकार, चलन आणि पोलीस आहेत, निवडणुका होतात आणि हरलेला पक्ष सत्ता सोडतो. देश म्हणून मान्यता मात्र जगातल्या जवळजवळ कुणीच दिलेली नाही.

तरीही गेली वीसेक वर्षं याच शहरातली, बुराओ आणि बोरामासारख्या गावांतली शाळा-कॉलेजच्या वयाची मुलं घरी न सांगता निघतात. ती सहारा ओलांडतात, लिबियात गोदामांमध्ये कोंडली जातात, मग भूमध्य समुद्रात रबरी होडीत बसतात. काही पोहोचतात, काही बुडतात. बॉम्बपासून पळणाऱ्याची गोष्ट लगेच कळते. जिथे बाजारात पैसे उघड्यावर ठेवता येतात तिथून मुलगा जीव धोक्यात घालून का जातो, हे समजायला जरा थांबावं लागतं.

दक्षिण सोमालियाची परिस्थिती वेगळी आहे. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी मोगादिशूच्या एका चौकात ट्रकभर स्फोटकं फुटली आणि पाचशेंहून अधिक माणसं गेली. २०११ च्या दुष्काळात सुमारे अडीच लाख माणसं मेली, त्यांत निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुलं होती. अल-शबाब या अतिरेकी संघटनेच्या ताब्यातल्या गावातून बाप आपल्या पोराला रातोरात बाहेर काढतो. त्याला ‘का गेलात?’ असं विचारण्यात अर्थ नाही. हा लेख त्या पळण्याविषयी नाही. घरात जेवण आहे, डोक्यावर छप्पर आहे, वडिलांचं दुकान आहे, आणि तरी पाय घरात ठरत नाही, अशा मुलांविषयी आहे.

या जाण्याला सोमाली भाषेत वेगवेगळे शब्द आहेत. ‘ढूफ’ म्हणजे परदेशी जाणं. जुना, सरळ शब्द. त्यात घरच्यांचा निरोप आहे, कागदपत्रं आहेत, मान आहे. ‘तहरीब’ हा अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ चोरटी वाहतूक. मालासाठी वापरला जाणारा हा शब्द आता माणसांना लागला. ‘मुलगा तहरीबला गेला’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं: तो सांगून गेला नाही, त्याच्याजवळ व्हिसा नाही, आणि काही आठवड्यांत घरी एक फोन येणार आहे.

तिसरा शब्द आहे ‘बूफिस’. केनियात सोमालियाच्या सरहद्दीजवळ १९९१ पासून दादाबच्या निर्वासित छावण्या आहेत. २०११ च्या दुष्काळानंतर तिथे जवळपास पाच लाख माणसं राहत होती. छावणीतल्या निर्वासितांपैकी थोड्यांना अमेरिका, कॅनडा किंवा युरोपातले देश आपल्याकडे कायमचं वसवून घ्यायचे. नाव यादीत आहे का, मुलाखत कधी, वैद्यकीय तपासणी झाली का, या वाट पाहण्यात वर्षं जात. परदेशी वसण्याचा जो ध्यास मनात फुगत जातो आणि माणसाला दुसरं काही सुचू देत नाही, त्याला छावणीतल्या लोकांनी बूफिस म्हटलं. शब्दाचं मूळ फुगण्या-फुगवण्यात आहे. एखाद्याचं नाव यादीतून गळलं आणि तो वेड्यासारखा वागू लागला तर त्याला ‘बूफिस झालाय’ म्हणतात. ओढ आणि आजार दोन्हींना एकच शब्द पुरतो. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने निर्वासितांना दार बंद केलं तेव्हा शंभरांहून अधिक सोमाली माणसं सामान बांधून नैरोबीपर्यंत पोहोचली होती. त्यांना बसने परत दादाबला नेलं गेलं. त्यांच्या मनाचं काय झालं असेल, याची कल्पना या एका शब्दावरून येते.

आता जरा मागे जाऊ. कारण घर सोडून जाणं हे सोमाली माणसाला नवं नाही.

उंट, शेळ्या आणि मेंढ्या घेऊन पावसाच्या मागे फिरणारा हा समाज. एप्रिल-मेमध्ये ‘गू’चा पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘देर’चा, आणि जानेवारी ते मार्च ‘जिलाल’ म्हणजे कोरडा, कठीण काळ. जिलालमध्ये कुटुंब मुक्काम हलवण्याआधी एक-दोन धट्ट्याकट्ट्या जवान पोरांना पुढे पाठवतं. पाऊस कुठे पडला, चारा कुठे आहे, त्या वाटेवर कुणाशी भांडण तर होणार नाही, हे बघून यायचं. या टेहळणीला ‘सहान’ म्हणतात. मुलाने एकट्याने दूर जाणं, संकट सोसणं आणि घरासाठी काहीतरी घेऊन येणं, हे मोठं होण्याचं लक्षण मानलं जाई. घराचा धोका वाटून घ्यायचीही हीच रीत होती. एक मुलगा उंटांबरोबर, एक गावात दुकानावर, एक दर्यावर. पाऊस बुडाला तरी तिन्ही एकदम बुडत नाहीत.

दर्यावर जाण्याचा रस्ता एडनवरून होता, आणि इथे मुंबईचा संबंध येतो. एडन तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. तिथल्या ब्रिटिश छावणीला लागणारं मटण समोरच्या किनाऱ्यावरच्या बर्बेरा बंदरातून यायचं. तो पुरवठा हातात राहावा म्हणून १८८४ पासून ब्रिटिशांनी सोमाली किनारा ताब्यात घेतला. १८९८ पर्यंत त्याचा कारभार ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारकडे होता, आणि १९४१ पर्यंत तिथे रुपया चालत होता. सुवेझ कालव्यातून जाणाऱ्या जहाजांवर भट्टीत कोळसा टाकायला सोमाली खलाशी एडनला भरती होत. त्यांतले काही वेल्समधल्या कार्डिफ बंदरात उतरले आणि तिथेच राहिले. १९७० च्या दशकात तेलाचे भाव वधारले तशी सोमाली माणसं सौदी आणि आखातात गेली. त्यांनी पाठवलेल्या पैशांवर घरं उभी राहिली. १९८८ आणि १९९१ नंतर मात्र सगळा समाजच विखुरला: लंडन, टोरंटो, स्टॉकहोम, अमेरिकेतलं मिनेसोटा, नैरोबीतलं ईस्टली.

या विखुरलेल्या माणसांना ‘कुर्बजोग’ म्हणतात, म्हणजे परदेशी राहणारे. सोमालियात आणि सोमालीलँडमध्ये दर वर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम हे लोक पाठवतात. शाळेची फी, आजोबांचं औषध, रमजानचा बाजार, सगळं त्यातून होतं. बुराओ गावात १९७० मध्ये सुरू झालेली दहाबशील ही पेढी आज कितीतरी देशांत पैसे पोहोचवते. पद्धत आपल्याला हुंडीवरून ओळखीची आहे. लंडनमध्ये एका दुकानात पैसे भरले की हर्गेसातल्या शाखेत निरोप जातो आणि आई जाऊन रोख घेऊन येते. तिकडेही या धंद्याला हवालाच म्हणतात.

ज्या घरात बाहेरून पैसे येतात आणि ज्या घरात येत नाहीत, त्यांच्या भिंतींवरून फरक कळतो. मुलगा लहानपणापासून हे बघत असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत, जुलै-ऑगस्टमध्ये, कुर्बजोग मंडळी विमानाने हर्गेसात उतरतात. हॉटेलं भरतात, भाड्याच्या गाड्या मिळेनाशा होतात, लग्नं लागतात. चार वर्षांपूर्वी तहरीबला गेलेला मावसभाऊ नव्या बुटांत येतो आणि मोठी माणसं त्याला शेजारी बसवून घेतात. कालपर्यंत तो याच गल्लीत चेंडू खेळत होता.

आणि फरक फक्त बुटांचा नाही. मोहम्मद अब्दुल्लाही मोहम्मद, ज्यांना सगळे फर्माजो म्हणतात, ते २०१७ मध्ये सोमालियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधी ते अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या वाहतूक खात्यात नोकरीला होते. त्यांचे पंतप्रधान हसन अली खैरे निर्वासित म्हणून नॉर्वेत गेले आणि तिथले नागरिक झाले. मंत्रालयात, विद्यापीठात, परदेशी मदतसंस्थांच्या कचेऱ्यांत वरच्या खुर्च्यांवर बहुतेक बाहेरून परत आलेली माणसं दिसतात. त्यांच्याकडे परदेशी पदवी असते, आणि खिशात असा पासपोर्ट असतो की उद्या काही बिनसलं तर निघून जाता येईल. इथल्याच शाळेत शिकलेल्या मुलाला यातून जे समजायचं ते समजतं. आपल्या देशात मोठं व्हायचं असेल, तर त्याचा रस्ता आधी देशाबाहेर जातो.

माझ्या मते तहरीबचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे. गरिबी आहेच. पण नुसती गरिबी माणसाला जागेवर खिळवते. २०११ च्या दुष्काळात सगळ्यात गरीब माणसं युरोपला गेली नाहीत, ती चालत दादाबला गेली किंवा मोगादिशूच्या कडेला काठ्या आणि फडक्यांच्या झोपड्यांत राहिली. तहरीबला जातो तो मधल्या घरातला मुलगा. त्याला शिकवलं आहे, त्याच्या घरच्यांकडे विकण्याजोगी जमीन किंवा जनावरं आहेत, बाहेर एखादा काका आहे.

शिक्षणाचंच बघा. बोरामाचं अमूद विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं, हर्गेसाचं २००० मध्ये. उद्ध्वस्त शहरातून अशा संस्था उभ्या करणं हे फार मोठं काम होतं आणि लोकांनी ते वर्गण्या काढून केलं. मागून खासगी कॉलेजं आली. दर वर्षी पदवीधर बाहेर पडू लागले. नोकऱ्या मात्र वाढल्या नाहीत. मान्यता नसलेल्या देशाला जागतिक बँकेकडून इतर देशांसारखं कर्ज मिळत नाही. मोठा उद्योग म्हणजे बर्बेराहून हजच्या काळात सौदीला जाणारी जिवंत जनावरं. रोगाच्या भीतीने सौदीने ती आयात बंद केली की सगळ्या देशाचा श्वास अडकतो. २००० ते २००९ अशी जवळपास नऊ वर्षं ती बंदच होती. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या २०१२ च्या अहवालात सोमालियातल्या १४ ते २९ वयाच्या तरुणांमधली बेकारी ६७ टक्के दिली होती. त्याच अहवालानुसार लोकसंख्येतले ७३ टक्के तिशीच्या आतले होते.

ज्या थोड्या नोकऱ्या असतात त्या सरकारात, मोबाइल कंपन्यांत आणि मदतसंस्थांत. तिथे कोणत्या कुळाचा, कुणाचा भाचा, हे आधी पाहिलं जातं. मोगादिशूच्या राजकारणात तर कुळांची वाटणी उघड सूत्राने होते: चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि उरलेल्या सगळ्या लहान समाजांना मिळून अर्धा. पहिला वर्ग मिळवून आलेला मुलगा अर्ज देतो, वाट बघतो, आणि आपल्यापेक्षा कमी शिकलेल्याला रुजू होताना बघतो. मग तो दुपारी मित्रांच्या बैठकीत जाऊन बसतो. बऱ्याचशा बैठकीत ‘काद’ची पानं असतात. ती चघळली की काही तास डोकं तेज चालतं, मोठमोठे बेत रचले जातात, आणि संध्याकाळी खिसा रिकामा झालेला असतो.

लग्नही अडतं. मुलीकडच्यांना द्यायची रक्कम, सोनं, घर लावण्याचा खर्च हे सगळं मुलाकडून अपेक्षित असतं, आणि कुर्बजोग स्थळं आल्यापासून ती अपेक्षा वाढत गेली. लग्न झालं नाही तोवर सोमाली समाजात मुलाला पुरता माणूस मानत नाहीत. थोरांच्या बैठकीत त्याच्या शब्दाला वजन नसतं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा आईकडून चहापुरते पैसे मागतो. मुलीही जातात, संख्येने कमी. घरची कामं आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर असते, आणि वाटेवर त्यांच्यावर काय ओढवू शकतं हे त्यांना ठाऊक असतं. तरी ज्या जातात त्यांची कारणं भावांच्या कारणांपेक्षा फारशी वेगळी नसतात: शिकायचं आहे, कमवायचं आहे, आईला सुखात ठेवायचं आहे.

नॉर्वेतले अभ्यासक योर्गेन कार्लिंग यांनी २००२ मध्ये केप व्हर्द बेटांबद्दल लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या: जाण्याची इच्छा आणि जाण्याची ऐपत. जगात पुष्कळांना जायचं असतं, पण ऐपत नसल्याने ते राहतात. हर्गेसातल्या मुलाच्या मनात इच्छा कशी तयार होते ते आपण पाहिलं. ऐपत नसलेला मुलगा निघतो कसा, ते आता पाहू. इथे दलाल येतो.

दलालाला सोमालीत ‘मुखलस’ म्हणतात. तो बहुधा ओळखीचाच असतो, कधी आधी गेलेला आणि परत आलेला तरुणच. पूर्वी तो पैसे आधी मागायचा. मग मुलाला घरी सांगावं लागे, वडील नकार देत, विषय संपे. पुढे धंद्याने युक्ती बदलली. आता दलाल म्हणतो: आधी निघ, पैसे मग. २०१६ मध्ये रिफ्ट व्हॅली इन्स्टिट्यूटसाठी निमो-इल्हान अली यांनी तहरीबचा अभ्यास केला, त्यात या पद्धतीवर त्यांनी नेमकं बोट ठेवलं आहे. मुलाच्या खिशाला निघताना काहीच तोशीस लागत नाही. सगळा खर्च पुढे ढकललेला असतो, आणि तो कुणाच्या डोक्यावर पडणार याचा मुलाने विचार करायच्या आत तो सरहद्दीपार गेलेला असतो.

समजा, बारावीची परीक्षा झालेली आहे आणि चार मित्रांनी ठरवलं आहे. सकाळी आईला ‘येतो’ म्हणून मुलगा बाहेर पडतो. अंगावर नेहमीचे कपडे, सोबत पिशवीही नाही, कारण पिशवी दिसली तर आई विचारेल. हर्गेसाहून इथिओपियाच्या सरहद्दीवरचं वजाले गाव गाडीने दीड-दोन तासांवर. तिथे लोक दोन्ही बाजूंनी भाजी आणि शेळ्या घेऊन चालत ये-जा करत असतात; त्यांच्यातून पलीकडे जायला काही लागत नाही. पलीकडे जिगजिगा, तिथून अदिस अबाबा. मग उत्तरेला सुदानच्या सरहद्दीवरचं मेतेमा, आणि खार्तूम. इथपर्यंत दलालाची माणसं सांभाळून नेतात, जेवूही घालतात. मुलाला वाटतं, लोक उगाच घाबरवत होते.

खार्तूमनंतर वाळवंट. उघड्या पिकअप गाडीच्या मागे वीस-तीस माणसं, काठाला काठी बांधून तिच्यावर टाकलेला पाय, आणि पाण्याला पेट्रोलचा वास, कारण पेट्रोलच्याच कॅनमध्ये ते भरलेलं असतं. कुणी पडला तर गाडी थांबेलच असं नाही. लिबियाच्या हद्दीत माणसं दुसऱ्या टोळीच्या हवाली होतात. कुफ्रा, पुढे अज्दाबिया किंवा बनी वलीद. तिथल्या एखाद्या गोदामात दार बाहेरून बंद होतं.

या टोळीवाल्याला सोमालीत ‘मगाफे’ म्हणतात, म्हणजे ज्याचा नेम कधी चुकत नाही तो. मगाफे मुलाकडून घरचा फोन नंबर घेतो. हर्गेसात आईचा फोन वाजतो, आणि कित्येक दिवसांनी तिला मुलाचा आवाज ऐकू येतो. तो रडत असतो. मागून दुसरा माणूस रक्कम सांगतो, काही हजार डॉलर, आणि मुदत सांगतो. रक्कम आली नाही तर मुलाला मारतात आणि तो मार आईला ऐकवतात. हल्ली व्हिडिओही पाठवतात.

पुढे घरात काय होतं ते सांगायला हवं, कारण बातम्यांत हा भाग येत नाही. जमीन असेल तर ती घाईघाईत पडत्या भावाने जाते. उंट किंवा वडिलांची टॅक्सी विकली जाते. मग ‘कारान’ काढतात, म्हणजे कुळातल्या माणसांची वर्गणी. थोरले लोक यादी करतात, लंडन आणि मिनियापोलिसला फोन लावतात. सोमालीलँडमध्ये २००९ पासून झाद नावाची मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आहे, चहावालाही तिच्यावर पैसे घेतो. वर्गणीही तिच्यावरच गोळा होते. बायकांची ‘हगबद’ असते. दहा-वीस जणी दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि पाळीपाळीने एकेक जण सगळी रक्कम उचलते. आपण जिला भिशी म्हणतो तीच. आई मैत्रिणींना सांगून आपली पाळी आधी लावून घेते. इतकं करून पैसे हवाल्याने जातात. ज्या वाटेने लंडनहून घरखर्च यायचा, त्याच वाटेने आता घराची पुंजी मगाफेकडे जाते. त्यानंतर होडीचे पैसे वेगळे.

आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या नोंदींनुसार २०१४ पासून लिबिया-ट्युनिशियाकडून इटलीकडे जाणाऱ्या या समुद्रमार्गावर वीस हजारांहून अधिक माणसं बुडाली किंवा बेपत्ता झाली.

त्यांच्या आधी गेलेल्या एकीचं नाव सामिया युसूफ ओमर. जन्म १९९१, मोगादिशू. आई फळं विकायची. गोळ्यांनी चाळण झालेल्या स्टेडियममध्ये ती धावायला शिकली. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २०० मीटरच्या प्राथमिक फेरीत ती सगळ्यांच्या खूप मागे राहिली, ३२.१६ सेकंद. बाकीच्या पोहोचल्यानंतरही ती धावत होती आणि स्टेडियम उभं राहून तिला टाळ्या देत होतं. तिला टाळ्यांपेक्षा प्रशिक्षक हवा होता. तो शोधायला ती अदिस अबाबाला गेली. तिथे जमलं नाही, तेव्हा सुदान, लिबिया आणि एप्रिल २०१२ मध्ये समुद्र. ती लंडन ऑलिम्पिकला निघाली होती. तिच्या मृत्यूची गोष्ट त्या ऑगस्टमध्ये, १५०० मीटरचे माजी विश्वविजेते अब्दी बिले यांनी मोगादिशूतल्या एका सभेत सांगितली तेव्हा जगाला कळली. सोमालीलँडमध्ये जन्मलेला धावपटू मो फराह त्याच महिन्यात ब्रिटनसाठी दोन सुवर्णपदकं जिंकला होता. तोही कोवळ्या वयात दुसऱ्याच मुलाच्या नावाने ब्रिटनमध्ये आणला गेला होता, हे त्याने २०२२ मध्ये सांगितलं.

एवढं माहीत असून मुलं का जातात, असं वाटेल. त्यांना माहीत असतं. हर्गेसातल्या कुठल्याही वर्गात विचारलं तर मगाफे कोण ते सगळे सांगतील. सरकारने समित्या नेमल्या, इमामांनी प्रवचनांतून समजावलं, युरोपीय पैशांतून भित्तिपत्रकं लागली, रेडिओवर परत आलेल्यांच्या मुलाखती झाल्या. या मोहिमा मुलाला अशी माहिती देतात जी त्याच्याकडे आधीच आहे. तो तिचा हिशोब वेगळा करतो. मरण अल्लाने जिथे लिहिलं तिथे येणार, घरी बसल्यानेही ते टळत नाही, असं त्याला शिकवलेलं आहे आणि तो ते मनापासून मानतो. समुद्रात मेलेला मित्र त्याला दिसत नाही. पोहोचलेल्या मित्राचा स्टॉकहोममधल्या बर्फातला फोटो रोज दिसतो. आणि इथे बसून राहिलो तर काय होईल, हे तर तो पंचविशीतल्या थोरल्या भावाकडे बघून शिकलेला असतो.

सरळ वाट त्याला जवळपास नाहीच. सोमालीलँडचा पासपोर्ट फारच थोडे देश मानतात, सोमालियाचा पासपोर्ट जगातल्या सगळ्यात कमकुवत पासपोर्टांत मोडतो. युरोपीय व्हिसाचा अर्ज करायचा तर आधी नैरोबी किंवा अदिस अबाबा गाठावं लागतं, आणि बँकेत शिल्लक नसलेल्या अविवाहित बेकार तरुणाला व्हिसा मिळत नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेने ज्या देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली त्यांत सोमालिया आहे. लिबियाच्या तटरक्षकांना पैसे आणि बोटी देऊन इटलीने २०१७ पासून होड्या अडवायला लावल्या. पकडलेली मुलं पुन्हा लिबियाच्याच कोठड्यांत गेली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटलं आणि खार्तूमची वाट अवघड झाली. तेव्हा दलालांनी दुसऱ्या वाटा धरल्या: विमानाने तुर्कस्तान आणि तिथून ग्रीसची बेटं, किंवा दक्षिण अमेरिकेतून जंगलं तुडवत वर. वाट जितकी अवघड, तितका दर जास्त. इच्छेला हात न लावता नुसती वाट अडवली की दलालाचीच भरभराट होते, हे एव्हाना युरोपला कळायला हवं होतं.

जो मुलगा पोहोचतो त्याचं पुढे काय होतं, तेही बघून ठेवू. बोटांचे ठसे घेतात. आश्रयाचा अर्ज करावा लागतो, आणि निकाल येईपर्यंत महिनोन्‌महिने, कधी वर्षं, छावणीवजा वसतिगृहात काढावी लागतात. पुष्कळ देशांत सुरुवातीचे काही महिने कामाची परवानगी नसते. अर्ज फेटाळला गेला तर तो कागदांशिवाय राहतो. परत जावं तर घरची जमीन त्याच्यापायी गेलेली असते, रिकाम्या हाताने आईपुढे उभं राहायचं कसं? म्हणून तो तिथेच तग धरतो, मिळेल ते काम करतो. पहिले पैसे हातात आले की त्यातून नवे बूट घेतो, फोटो काढतो आणि घरी पाठवतो, कारण आईला धीर वाटायला हवा. तो फोटो धाकटा भाऊही बघतो.

आणि आईने हगबदमधून रक्कम आधी उचललेली असते. तिची पाळी होऊन गेली, त्यामुळे आता तिला काही मिळायचं नाही. हप्ता मात्र शेवटच्या बाईची पाळी होईपर्यंत दर महिन्याला भरावा लागतो. मुलगा पोहोचला असो वा नसो.